कोठेतरी निघून गेली

पोलिसांच्या शोधपत्रिकेची भाषा ठरलेली असते. ‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेली आहे.’ मग रंग, बांधा, उंची, नेसणीस काय, कानात काय, पायात चप्पल आहे का, भाषा कोणती येते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर हा मजकूर वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच छापला जातो. त्यातला ‘कोठेतरी’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. माहीत नाही ते माहीत नाही, एवढंच तो सांगतो. पत्रिका छापून येईपर्यंत गल्लीला मात्र सगळं माहीत झालेलं असतं.

समजा, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एखाद्या गल्लीतली ऐंशी ओलांडलेली आज्जी सकाळी घरात नाही. चष्मा खिडकीत, चहा निम्मा, पुढचं दार नुसतं लोटलेलं. (ही आज्जी मी बेतलेली आहे, पुढे येणारी माणसं तशी नाहीत.) पहिला अर्धा तास शेजारीपाजारी विचारण्यात जातो. मग कुणी गाडी काढून अंबाबाईच्या देवळात जातं, कुणी रंकाळा तळ्यावर. रंकाळ्यावर कशाला, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. दुपारपर्यंत चहाच्या गाड्यावर पाच-सहा उत्तरं तयार असतात. हातात पाटल्या होत्या म्हणे. मागच्या आठवड्यात सुनेचा आवाज चढला होता. जागेचा व्यवहार चालला होता, म्हातारीची सही अडली होती. एखादा जाणता सांगतो, ‘पंढरपूरला गेली असंल, यील एकादशी झाली की.’ आणि कोपऱ्यातली एखादी वयस्क बाई हळूच म्हणते, ‘चकवा लागला असंल.’

या सगळ्या उत्तरांत विज्ञानाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारं उत्तर हे शेवटचंच. त्याच्याकडे येऊच, आधी बाकीच्यांचं पाहू.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेचं एक सूत्र मांडलं. विषय लोकांना किती महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलची माहिती किती धूसर आहे, या दोहोंचा गुणाकार म्हणजे अफवेचं बळ. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवा मरते. रोज दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारी आज्जी गल्लीला महत्त्वाची असते आणि ती कुठे गेली याची माहिती कणभरही नसते. असं पीक दुसरीकडे कुठे येणार?

पण या सूत्रात एक गोष्ट येत नाही: उत्तरं वाईटाकडेच का झुकतात? ती एका भारतीयानं आधीच टिपून ठेवली होती. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतर उठलेल्या अफवा गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हादरा जाणवला पण घरं पडली नाहीत, अशा भागातल्या लोकांत फिरणाऱ्या अफवा दिलासा देणाऱ्या नव्हत्या. याहून मोठं संकट येणार आहे, असं त्या सांगत होत्या. पुढे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजरला याच निरीक्षणानं विचारात पाडलं. माणसं आधीच घाबरलेली होती, पण डोळ्यांसमोर घाबरण्याजोगं काही नव्हतं. अफवा त्यांच्या भीतीला कारण पुरवत होती.

आपल्या गल्लीला हे लावून पाहा. घरातलं म्हातारं माणूस भरदिवसा दार लोटून निघून जाऊ शकतं, ही गोष्ट प्रत्येक घराला हादरवते, कारण प्रत्येक घरात एक म्हातारं माणूस असतं. सून दोषी ठरली, की मात्र ते संकट त्या एका घराचं होतं. आमची सून तशी नाही, म्हणजे आमच्याकडे असं होणार नाही. तर्कामागे कुचाळकी असते हे खरंच. पण तिच्या मुळाशी बऱ्याचदा ही भीती असते, असं मला वाटतं.

तर्क लढवणाऱ्यांत मोठमोठी नावं आहेत. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ॲगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधल्या आपल्या घरातून मोटार घेऊन बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मोटार न्यूलँड्स कॉर्नर या टेकडीच्या उतारावर सापडली, बाई नाही. शेकडो पोलीस आणि हजारो हौशी माणसं रानं पालथी घालू लागली, विमानं फिरली, जवळच्या तळ्यात शोध झाला. नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम आहे हे कळल्यावर संशय त्याच्यावर गेला. नव्या पुस्तकाची जाहिरात असेल, असंही बोललं गेलं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर बाईचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीच्या माणसाला नेऊन दिला. होम्सनं हे पाहिलं असतं तर पाइप खाली ठेवून खोलीबाहेर गेला असता. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तिनं नाव बदललं होतं, आणि आडनाव लावलं होतं ते नवऱ्याच्या प्रेयसीचं. तिला ओळखलं ते हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी, रोज समोर दिसणाऱ्या चेहऱ्याकडे नीट बघून.

तिथे निदान कुणाचा जीव गेला नाही. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये उलुरू या खडकाजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची एक मुलगी नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, तिला घेऊन गेला, असं आई सांगत होती. आई पुरेशी रडत नाही, हे लोकांनी टीव्हीवर पाहिलं. मुलीच्या ‘अझारिया’ या नावाचा अर्थ ‘रानात दिलेला बळी’ आहे, अशी वावडी उठली. खरा अर्थ ‘देवानं साहाय्य केलेली’ असा होतो. मोटारीतल्या ज्या डागांना रक्त ठरवलं गेलं, त्यांतला महत्त्वाचा डाग आवाज दाबण्यासाठी कारखान्यात फवारलेल्या रसायनाचा निघाला. आईला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये मुलीचं जाकीट डिंगोच्या वावराच्या जागी सापडलं, तेव्हा ती सुटली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं नाव लागायला २०१२ उजाडलं.

आता चकवा. रानातून घरी निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तो त्याच झाडाखाली उभा. हा अनुभव खोटा नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सूमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून त्यांच्या वाटा मोजल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं तशी ती वर्तुळात फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधले तेव्हा काही वर्तुळं वीस मीटरइतकी लहान झाली. दिशा मेंदूत आपोआप टिकत नाही, ती बाहेरच्या खुणांवरून सतत दुरुस्त करावी लागते.

ती दुरुस्ती कुठे होते, हेही आता ठाऊक आहे. जॉन ओ’कीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की पेटतात. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये नकाशावरच्या चौकटींसारखं काम करणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरचा आजार ज्या भागांवर सगळ्यात आधी घाला घालतो, त्यांत हाच एंटोरायनल कॉर्टेक्स येतो. म्हणजे नावं विसरण्याच्या सुमारासच नकाशाही फाटू लागतो. घरच्यांना मात्र नावं विसरलेली दिसतात आणि ‘वय झालं, म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपतो. चाळीस वर्षं ज्या मंडईतून भाजी आणली तिथून परतताना आई एकदा गोंधळली, हा प्रसंग हसण्यावारी जातो. या आजाराची पहिली नोंद आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या गावी वाचून दाखवली, तेही ट्युबिंगेनच. योगायोगच, पण चकव्याच्या अभ्यासकांचं गावही तेच असावं याची मला मौज वाटते.

आज्जी आणि चकवा लागलेला वाटसरू यांत एक फरक आहे, आणि शोधणाऱ्यांसाठी तोच कळीचा. वाटसरूला आपण हरवलो आहोत हे उशिरा का होईना कळतं. तो ओरडतो, उजाडायची वाट बघतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या लेखी तो हरवलेलाच नसतो. त्याला कुठेतरी जायचं असतं आणि तो निघालेला असतो. रॉबर्ट कोस्टर या अमेरिकी अभ्यासकानं हरवलेल्या माणसांच्या हजारो शोधमोहिमांच्या नोंदी तपासल्या. त्यातून दिसतं ते असं: ही माणसं अडकेपर्यंत पुढे पुढे जात राहतात. वाटेत झुडूप आलं तर त्यात शिरतात, नाला आला तर नाल्यात उतरतात. हाका मारल्या तर बहुधा ओ देत नाहीत, मदतही मागत नाहीत. आणि पायी निघालेली बहुतेक माणसं शेवटच्या ठिकाणापासून दोन-अडीच किलोमीटरच्या आतच सापडतात.

शाहूपुरीच्या आज्जीसाठी याचा अर्थ सरळ आहे. रंकाळ्यावर चार गाड्या धाडण्याआधी जयंती नाल्याच्या काठची झुडपं बघायची, रेल्वे रुळांची कड बघायची, परीख पुलाचा परिसर बघायचा, जुन्या वखारींमागचे बोळ, बांधकामाच्या जागा, शेजारच्याच इमारतीचा जिना. हाका मारून भागत नाही. वाकून बघावं लागतं.

शाहूपुरीत मात्र पायी चालण्याचा हिशेब एका कारणानं फसू शकतो. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. त्यामुळे रेल्वे स्टेशन इथे हाकेच्या अंतरावर, मध्यवर्ती बस स्थानकही लागूनच. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रवाशांना राज्यात एसटी मोफत आहे. योजना चांगलीच, पण तिचा एक परिणाम असा, की घरातून बाहेर पडलेल्या आज्जीला प्रवासासाठी कमरेला पैसे असण्याचीही गरज उरलेली नाही. आधार कार्ड दाखवावं लागतं खरं, पण सुरकुतलेला चेहरा समोर असताना किती वाहक हटून बसतील? म्हणून पहिल्या तासातच एकानं स्थानकाच्या नियंत्रण कक्षात आणि एकानं रेल्वे पोलिसांकडे गेलं पाहिजे. कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन. गाड्या फलाटावर बराच वेळ उभ्या असतात, दारं उघडी असतात. दुपारी इथून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये कुणी बसलं, तर दुसऱ्या दिवशी ती गाडी नागपूर ओलांडून गोंदियाला पोहोचते.

पण तिला जायचं कुठे होतं? अशा घरांत संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मला घरी सोडा.’ घरीच बसलेली बाई घरी सोडा म्हणते, तेव्हा घरचे तिला समजावू लागतात: हे काय, हेच तुमचं घर. ती ज्या घराबद्दल बोलते ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं असतं. ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात, आणि बाईच्या बाबतीत सगळ्यात जुनं घर म्हणजे माहेर. कोल्हापुरातल्या कितीतरी आज्ज्यांचं माहेर निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचं. बालपणाची भाषा कन्नड असेल, तर आजार वाढल्यावर मराठी मागे पडून कन्नड वर येते, असं अनेक द्वैभाषिक रुग्णांत दिसलेलं आहे. त्यात निपाणी जवळ असली तरी तिथले पोलीस कर्नाटकाचे. इकडची नोंद तिकडच्या ठाण्यात कुणीतरी मुद्दाम पोहोचवावी लागते. शोधपत्रिकेतला ‘भाषा’ हा रकाना म्हणूनच मोलाचा आहे, आणि घाईत तिथे नुसतं ‘मराठी’ लिहून मोकळं होणं महागात पडतं.

ब्रिटनमध्ये पोलिसांनी यासाठी आधीच भरून ठेवायचा एक अर्ज तयार केला आहे, ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’. नॉर्मंडीच्या लढाईतल्या जॉर्ज हर्बर्ट या सैनिकाचं नाव त्याला दिलंय. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेला हा माणूस बालपणीचं घर शोधत निघाला आणि त्यातच गेला. अर्जात ताज्या फोटोबरोबर जुने पत्ते, जुन्या नोकरीच्या जागा, आवडती ठिकाणं, आधी कधी माणूस हरवला असल्यास तो कुठे सापडला होता, असं सगळं विचारतात. वहीच्या एका पानावर आपल्याकडेही हे कुणालाही लिहून ठेवता येईल.

जपान या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे, कारण म्हातारपण तिथे आधी आलं. स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झालेल्यांच्या २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांकडे १९ हजारांवर नोंदी झाल्या. ओमुता नावाच्या गावात दरवर्षी रंगीत तालीम होते: कुणीतरी हरवलेल्या वृद्धाचं सोंग घेऊन रस्त्यावर फिरतं आणि दुकानदार, शाळकरी मुलं, पोस्टमन त्याच्याशी बोलायचा सराव करतात. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, समोरून यायचं, सावकाश बोलायचं. त्याच देशात २००७ मध्ये एक्क्याण्णव वर्षांचा एक रुग्ण बायकोचा डोळा लागला तेवढ्यात बाहेर पडला आणि रेल्वेखाली आला. बायको पंच्याऐंशीची. रेल्वे कंपनीनं गाड्यांना उशीर झाल्याची भरपाई कुटुंबाकडे मागितली, आणि खालच्या कोर्टात ती मान्यही झाली. सर्वोच्च न्यायालयानं १ मार्च २०१६ ला ती रद्द केली. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणं कुणालाच शक्य नाही, हे मान्य व्हायला एवढी वर्षं गेली. आपल्या गल्लीत ‘घरचे काय झोपले होते?’ हा प्रश्न पहिल्या तासातच येतो.

आपल्याकडे प्रौढ माणूस हरवला तर बहुधा गुन्हा दाखल होत नाही, ‘मिसिंग’ची नोंद होते. घरातून निघून जाणं हा गुन्हा नव्हे, म्हणून. चोवीस तास थांबून मग या, असा मात्र कोणताही कायदा नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, मनोविकारामुळे भटकणारं आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारं कुणी हद्दीत दिसलं, तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं हे ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य केलं आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशाच माणसांना रस्त्यावरून उचलून, बरं करून घरी पोहोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कित्येकदा गावाच्या एका अर्धवट नावावरून घर शोधलं जातं.

कारण हरवलेली आज्जी कुठेतरी नाहीशी होते, तशीच ती कुठेतरी उगवतेही. इथे गल्लीत तर्क चाललेले असतात आणि तिथे, अनोळखी गावात, ती स्वतःच संशयाचा विषय झालेली असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच वर्षी तमिळनाडूत कुलदैवताला निघालेल्या एका पासष्ट वर्षांच्या बाईनं वाटेत मुलांना चॉकलेट दिलं, तेवढ्यावरून तिचा जीव गेला. आणि मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मनासा गावात, तीर्थयात्रेत घरच्यांपासून चुकलेल्या एका वृद्धाला नाव-गाव सांगता येईना, म्हणून एकानं मारलं, दुसऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढला. म्हाताऱ्याचा मृतदेह सापडला. हरवल्याची नोंद पोलिसांत आधीच झालेली होती.

त्याच मध्य प्रदेशातली दुसरी गोष्ट. १९७९-८० च्या सुमारास दमोह जिल्ह्यात एका ट्रकचालकाला रस्त्याच्या कडेला एक बाई दिसली. मधमाश्या डसल्या होत्या आणि ती काय बोलते ते कळत नव्हतं. त्यानं तिला घरी नेलं. बाई मराठी बोलत होती, मनानं ठिकाणावर नव्हती. तिच्या मुलानं तिला उपचारांसाठी अमरावती जिल्ह्यातल्या गावाहून नागपूरला आणलं होतं आणि तिथून ती हरवली होती, हे पुष्कळ उशिरा कळलं. ट्रकचालक मुसलमान, बाई हिंदू. गाव तिला मौसी म्हणू लागलं आणि ती तिथेच राहिली. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मृत धरायची मुभा आपला पुराव्याचा कायदा देतो. ती मुदत पाच वेळा उलटून गेली.

ट्रकचालक वारला. त्याच्या मुलानं तिच्या बोलण्यातून गावाचा माग काढायचा प्रयत्न अनेकदा केला, पण ती सांगे ते नाव नकाशावर सापडत नसे. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या त्यानं तिला पुन्हा विचारलं. या वेळी तिच्या तोंडून आणखी एक नाव निघालं: परसापूर. ते इंटरनेटवर सापडलं. त्यानं तिथल्या एका दुकानदाराला फोन लावला, मौसीचा व्हिडिओ पाठवला, दुकानदारानं तो आपल्या समाजाच्या गटांत पुढे ढकलला. मध्यरात्रीच्या सुमारास उलट फोन आला: ओळख पटली.

जून महिन्यात, वाहतूक थोडी सुरू झाल्यावर, नातू तिला न्यायला नागपूरहून आला. ती तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. निरोप द्यायला सगळं गाव लोटलं, नवं लुगडं नेसवून तिला गाडीत बसवलं. ज्या मुलानं तिला नागपूरला आणलं होतं, तो तीन वर्षांपूर्वी वारला होता.